माळशिरसची कात्री, टस्कनीचं द्राक्ष

नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका नावाचं लांबट, बिनबियांचं द्राक्ष शोधलं ते सोलापूर जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात आता काही माणसं पदरचे पैसे घालून बियांची, जाड सालीची, बारकी द्राक्षं मुद्दाम लावतात, हे जुन्या बागायतदाराला पटवणं अवघडच. ओळखीच्या एकानं कॅबर्ने या वाइनच्या द्राक्षाचा मणी तोंडात टाकला, दोनदा चावला, बिया थुंकल्या आणि मला विचारलं, ‘पाव्हणं, ह्ये द्राक्ष हाय का करवंद?’

त्याच्या बाजूनं प्रश्न रास्त होता. खाण्याच्या द्राक्षाचा सगळा आटापिटा मणी फुगवण्यासाठी. घड जीए या संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे, विरळणी करायची, मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची. व्यापारी भाव काढतो तो त्यावरच. वाइनच्या बागेत मणी फुगला की घात. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, आतला रस जवळजवळ बिनरंगीच असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून वेलीवर घड कमी ठेवायचे, पाणी हात राखून द्यायचं. एकरी किती टन निघाले यावर गावात ज्याची पत ठरते, त्याला हे सांगून बघा.

माळशिरस तालुक्यातलं अकलूज म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला साखर कारखाना, घोडेबाजार आणि लावणी स्पर्धा आठवते. त्याच परिसरात फ्रातेली ही कंपनी ‘सेत्ते’ नावाची लाल वाइन करते. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू, अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, असे सहा भाऊ आणि सातवे टस्कनीचे वाइनमेकर पिएरो मासी. सातांची म्हणून सेत्ते. तिच्यात मुख्यतः दोन द्राक्षं, सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉन. भारतीय लाल वाइनमध्ये ती महागातली गणली जाते.

या जोडीला इतिहास आहे, आणि तो थोडा बंडखोर आहे. सांजोवेझे हे टस्कनीचं घरचं द्राक्ष. त्याला आंबटपणा भरपूर, वास आंबट चेरीचा, रंग मात्र बेताचा. 1967 साली किआंती वाइनचे नियम ठरले, तेव्हा या लाल वाइनमध्ये काही पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं झालं. आधीच फिकट, त्यात पांढऱ्याची भर! फ्लॉरेन्सच्या पिएरो आंतिनोरींनी आणि त्यांचे वाइनमेकर जाकोमो ताकिस यांनी 1971 च्या पिकापासून ‘तिन्यानेल्लो’ काढली आणि पुढे पांढरी द्राक्षं पार काढून टाकून तिच्यात कॅबर्ने आणलं. नियमांबाहेर गेल्यामुळे लेबलवर किआंती लिहिता येईना. ‘साधी टेबल वाइन’ या सर्वांत खालच्या दर्जाखाली ती विकावी लागली आणि किआंतीपेक्षा महाग विकली गेली. शेवटी कायद्यालाच वाकावं लागलं. मला या गोष्टीत सरकारी दर्जाची झालेली फजिती फार आवडते.

माळशिरसला मोडायला असा नियमच नव्हता. शतकांची परंपरा नाही, कुठल्या मठातल्या साधूंनी लावलेल्या वेली नाहीत. वाइनबद्दल लिहिणारे मातीचं गुणगान करतात तेव्हा मी जरा सावध होतो. इथल्या मातीचा वाटा असेलही, पण आपल्याकडच्या वाइनवर मोठी छाप आहे ती कात्रीची.

टस्कनीत थंडी पडली की वेल झोपते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पीक देते. आपल्याकडे तिला झोप आणणारी थंडीच नाही. सोडून दिली तर ती नुसती वाढत राहील. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यानंतर जी काडी वाढते तिच्या डोळ्यांत पुढच्या घडाची जडणघडण होते. मग ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग. तिथून मोजत यायचं ते फेब्रुवारी-मार्चच्या काढणीपर्यंत. युरोपात ऋतू ठरवतो, इथे माणूस. छाटणी पंधरा दिवस पुढेमागे केली की द्राक्ष वेगळ्या हवेत पिकतं.

यातच मिश्रणाचं इंगित आहे. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापतं, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, चढतो आणि आंबटपणा झपाट्यानं उतरतो. साखर भरली म्हणून काढणी करावी तर साल-बी अजून कच्ची. थांबावं तर आंबटपणा गेलेला. आंबटपणा गेलेली लाल वाइन गोडसर, जड आणि कंटाळवाणी लागते. अशा ठिकाणी मुळातच आंबट असलेलं सांजोवेझे कामाला येतं. त्याला कमी पडणारा रंग आणि तुरट कणा कॅबर्ने पुरवतं. दोन्ही द्राक्षं वेगवेगळी आंबवायची, मग चाखत, मोजपात्रानं थोडंथोडं मिसळत प्रमाण शोधायचं, ओकच्या पिंपांत मुरवायचं. मिश्रण म्हणजे भेसळ, हा समज आपल्याकडे अजून आहे. त्याला चहाची मिश्रणं करणारेही हसतील.

जेवणाबाबत एकच सांगतो. अशी वाइन सोलापुरी काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याबरोबर घेऊ नये. तिखटानं तुरटपणा कडू होतो आणि दोघांचंही मातेरं होतं. बेताच्या तिखटाचं सुकं मटण चालेल. आणि ‘रूम टेंपरेचर’ म्हणतात ती खोली अकलूजची नव्हे. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

विकत घेताना लेबलवरचं साल जरूर बघा, पण आपल्या पद्धतीनं. महाराष्ट्रातल्या वाइनचं साल साधारणपणे काढणीचं असतं, तिचं नशीब मात्र आदल्या वर्षीच्या छाटणीनंतरच्या पावसानं ठरायला सुरुवात झालेली असते. कोवळ्या फुटीवर पाऊस पडला की डावणी हा बुरशीचा रोग येतो, फुलोऱ्यातले घड कुजतात, गळतात. 2019 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीनं राज्यातल्या द्राक्षबागांची दैना केली होती. बाटलीवर 2020 दिसलं की मी त्या बागेनं छाटणी कधी घेतली होती हे विचारतो. दुकानदार माझ्याकडे बघत राहतो.