पट्टी महाग, व्रण तसाच

मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, पुणे यांस,



ग्रामीण रुग्णालय एकाच्या अखत्यारीत, प्राथमिक आरोग्य केंद्रे दुसऱ्याच्या. म्हणून पत्र दोघांना.

मुळशीत भातलावणीच्या दिवसांत चिखल्या घरोघरी असतात. त्या बऱ्या होतात. पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्याला तळव्यात काटा रुतलेला कळतही नाही, आणि फुगलेल्या शिरांमुळे घोट्याजवळ पडलेला व्रण महिनोन्‌महिने वाहत राहतो. मग दुकानातून चांदीची पट्टी येते. महाग आहे म्हणजे गुण येणारच, हा आपला भाबडा हिशेब.

पुरावा वेगळे सांगतो. 2009 मध्ये ब्रिटनमधल्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एकीत शिरांच्या व्रणांवर चांदीची पट्टी साध्या पट्टीपेक्षा सरस ठरली नाही. दुसरीत 317 मधुमेही रुग्णांवर साधी न चिकटणारी, आयोडीनची आणि स्राव शोषणारी अशा तीन पट्ट्या वापरल्या. 24 आठवड्यांनी व्रण भरण्यात फरक दिसला नाही. मधाचे म्हणाल, तर सोलापूरच्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये 104 भाजलेल्या रुग्णांवरचे त्याचे चांगले निष्कर्ष मांडले होते. पण भाजलेली कातडी वेगळी, पायाचा जुना व्रण वेगळा. न्यूझीलंडमध्ये अशा व्रणांच्या 368 रुग्णांत मधाने ते भरण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही, दुखणे मात्र वाढले.

गुण येतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. शिरांच्या व्रणाला दाबपट्टी हवी. तीही आधी पायाच्या धमन्यांतला रक्तप्रवाह तपासून, नाहीतर पायच धोक्यात येतो. आणि ती बांधणे हे कसब आहे, कशीतरी गुंडाळलेली क्रेप बँडेज संध्याकाळपर्यंत घोट्यावर उतरते. मधुमेहाच्या तळव्यावरच्या व्रणाला हवा भारमुक्त पाय, म्हणजे बहुधा गुडघ्याखालचे खास प्लास्टर. ऐन लावणीत पाय टेकू नका म्हणणे सोपे. चिखलात उभे राहिल्याशिवाय रोप लागत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे समजावणे आणि पाय तपासणे जूनच्या आधीच व्हायला हवे.

तेव्हा खरेदीच्या यादीत चांदी आणि मध नको. साधी न चिकटणारी जाळी, दाबपट्ट्या, प्लास्टरचे साहित्य आणि धमन्यांतला रक्तप्रवाह तपासायला हातात मावणारा डॉप्लर घ्या. प्रत्येक केंद्रातल्या एका परिचारिकेला पट्टी बांधायला शिकवा, दर भेटीत व्रणाचे माप नोंदवायला लावा. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात पायांच्या व्रणांसाठी आठवड्याचा एक वार ठरवा, आणि वेळ अशी ठेवा की ताम्हिणीकडून एसटीने आलेला माणूस दुपारच्या गाडीने परत जाईल.

आपला,
मुळशीतील एक रहिवासी