जुनी डिस्क कुठंय?

आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या एसएसडीची साथ आलीय. बाबांच्या ऑफिसातून आलेला लॅपटॉप, सीनियरने जाता जाता विकलेला लॅपटॉप, जो तो उघडला जातोय. माझी तक्रार नाही. लॅपटॉपची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. फरक पडणारच. पण एसएसडी बसली की सगळे एकच विचारतात, "किती सेकंदात बूट होतो?" जुनी डिस्क कुठे गेली, हे कुणीच विचारत नाही.

आमच्या मजल्यावरच्या फायनल इयरच्या एका ताईने लॅपटॉप गावातल्या दुकानात दिला. संध्याकाळी परत आला, एकदम टकाटक. जुनी डिस्क दुकानदाराने पाचशे रुपये कमी करून ठेवून घेतली. "सगळं टाकलंय मॅडम!" सी ड्राइव्ह टाकला होता, डी ड्राइव्ह नाही. त्यात प्रोजेक्टची तीन महिन्यांची सेन्सर रीडिंग्ज होती. तिला हे कळलं पंधरा दिवसांनी, तोवर ती डिस्क फॉरमॅट होऊन कुणाच्या तरी पीसीत गेलेली. बिचारीने रात्री जागून रीडिंग्ज परत घेतली. आणि तिचे फोटो, मार्कशीट, सेव्ह केलेले पासवर्ड कुणाकुणाच्या हातून गेले, ते वेगळंच.

दुकानदाराला शिव्या देणं सोपं आहे. पण मुलींनो, हे काम आपल्या खोलीत, आपल्या डोळ्यांसमोर होण्यासारखं आहे. लॅपटॉप कुणाकडे दोन दिवस ठेवायची गरजच नाही.

क्लोन म्हणजे बॅकअप नव्हे. क्लोनमध्ये व्हायरससुद्धा इमानदारीत कॉपी होतो. म्हणून आधी आपल्या फायली तिसऱ्याच एका जागी, एक्स्टर्नल डिस्कवर किंवा मैत्रिणीच्या पीसीवर. जुनी डिस्क कटकट वाजत असेल तर क्लोनच्या नादाला लागूच नका, महत्त्वाचं तेवढं पटकन काढून घ्या. मरायला टेकलेल्या डिस्कला पूर्ण वाचन झेपत नाही.

बिटलॉकर चालू आहे का ते बघा. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप चालू होतं. ती ४८ आकडी रिकव्हरी की वहीत लिहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करणारे महाभाग आपल्याकडे आहेत!

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५१२ ची एसएसडी ४७६. म्हणजे पार्टिशन आधी लहान करायला हवं. (पार्टिशनला 'विभाजन' म्हणतात म्हणे. आम्ही कॉन्व्हेंटवाले, आम्हाला पार्टिशनच बरं.) क्लोनझिला तर नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान डिस्क घेतच नाही. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाऊन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे ती नुसती डुलकी घेत असते.

खरी भीती दिशेची. लिनक्सच्या डीडी कमांडमध्ये आयएफ म्हणजे कुठून, ओएफ म्हणजे कुठे. उलटं झालं तर कोरी एसएसडी तुमच्या भरलेल्या डिस्कवर कॉपी होते, आणि मशीन "नक्की ना?" एवढंसुद्धा विचारत नाही. एंटर मारण्याआधी मॉडेल नंबर आणि साइज रूममेटला मोठ्याने वाचून दाखवा. यूएसबी केसमधून सेकंदाला ऐंशी एमबी मिळाले तरी तीनशे जीबीला तासाच्या वर लागतो, म्हणून बॅटरी आणि चार्जर दोन्ही ठेवा. आपल्या लाईटचा काय भरवसा!

क्लोन झाला की पहिला बूट जुनी डिस्क बाहेर काढूनच. दोन्हींची ओळख एकच असते. विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकते, लिनक्स कधी कधी गुपचूप जुनीच माउंट करते आणि आपण एसएसडी चालली म्हणून पार्टी देतो.

मुलांच्या हॉस्टेलमधले इन्स्टॉलेशन डॉक्टर म्हणतील, क्लोन कशाला, फ्रेश इन्स्टॉल मार. चालेल की! मलाही तेच स्वच्छ वाटतं. पण जुन्या डिस्कचा नियम तोच. तारीख लिहून महिनाभर कपाटात, एक फाइलही न हलवता. एसएसडीवर ट्रिममुळे डिलीट झालेलं सहसा परत मिळत नाही, तेव्हा एखादी फाइल आली नाही हे महिन्याने कळलं तरी ती या डिस्कवरच सापडेल. पाचशे रुपये थांबतील. विकायचीच असेल तर आधी पूर्ण ओव्हरराइट करा, क्विक फॉरमॅटने काही पुसलं जात नाही.

सर आणि मॅडमनाही एक विनंती. प्रोजेक्ट लॅबच्या मशीनना एसएसडी बसतील तेव्हा काढलेल्या डिस्कवर मशीन नंबर चिकटवून त्या रिझल्ट लागेपर्यंत लॅबच्याच कपाटात ठेवाव्यात. किल्ली लॅब असिस्टंट काकांकडे द्यावी. त्यांच्याकडे २०१५ चे मल्टिमीटरसुद्धा मोजून ठेवलेत.