सायबर विमा: हप्ता कंपनीला, धोका जनतेला?

सायबर विम्याच्या बाजाराला सरकारने आधार द्यावा, अशी चर्चा जगभर सुरू आहे. अमेरिकेच्या अर्थ खात्याने २०२२ मध्येच त्यावर मते मागवली. आमचा प्रश्न सरळ आहे: आधार कंपनीला की माणसाला?

धोका खरा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. पण विमेवाल्यांची नियत बघा. लंडनच्या लॉईड्स बाजाराने ३१ मार्च २०२३ पासून परकीय सरकारांच्या पाठबळाने होणारे हल्ले सायबर पॉलिसीतून वगळायला लावले. म्हणजे हप्ते कंपनीचे आणि मोठा धोका सरकारी तिजोरीच्या गळ्यात! ती तिजोरी साबण-काडेपेटीवर कर भरणारा एरंडोलचा मजूरही भरतो.

खानदेशाने हा खेळ पीकविम्यात पाहिला आहे. कापूसवाल्या शेतकऱ्याचा हप्ता ५ टक्क्यांपर्यंत, उरलेला सरकारकडून कंपनीला. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपात गेला. आणि भूमिहीन शेतमजूर? पीक बुडाले की त्याची मजुरी बुडते, पण पॉलिसीत त्याचे नावच नसते. सायबर विम्यातही हेच होईल. सर्व्हरवाल्याला अनुदान आणि ज्याच्या खात्यात शिष्यवृत्ती किंवा रोजगार हमीची मजुरी येते, त्याला ‘सावध राहा’ असा मेसेज.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार शून्य. पण ठगाच्या बोलण्याला भुलून ओटीपी सांगितला, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचेच. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नाकारले, त्यांच्याच हातात मोबाइल बँक द्यायची आणि फसले की त्यांनाच निष्काळजी ठरवायचे, हा कुठला न्याय?

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, अशी मागणी केली. माणसाला सुरक्षा आणि राज्याला विकासासाठी पैसा, हा त्यामागचा विचार. आज उलटे चालले आहे. २०२१ मध्ये सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या खासगीकरणाचा रस्ता कायद्याने मोकळा केला आणि परकीय गुंतवणुकीची मर्यादा ७४ टक्क्यांवर नेली.

म्हणून आमची मागणी: सायबर विम्यावर सरकारी पैसा खर्च होणार असेल, तर तो सरकारी विमा कंपनीतूनच व्हावा. सरकारी लाभ जमा होणाऱ्या प्रत्येक खात्याला आपोआप संरक्षण मिळावे. हप्ता बँकेने भरावा, खातेदाराने नाही.

तोवर तरुणांनो, वस्तीत बसा. १९३० हा क्रमांक घराघरांत पोहोचवा. फसलेल्याला हसू नका, त्याच्यासोबत बँकेत जा आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय परतू नका.

जय भीम! जय संविधान!