पेशींची पकड आणि मूत्राशयाचा कर्करोग

लघवीतून एकदा रक्त गेले, दुखले मात्र काहीच नाही आणि दोन दिवसांनी ते आपोआप थांबलेही. ऐन दिवाळीच्या हंगामात दुकान सांभाळणाऱ्या गृहस्थाला असा अनुभव आला, तर ‘उष्णता झाली असेल’ असे म्हणून तो विषय मनातच मिटवतो. घरीही काही सांगत नाही. परंतु मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा हीच असते.

मूत्राशयाच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ही पकड पेशींच्या पृष्ठभागावरील काही प्रथिनांमुळे टिकते. जपानमधील क्योतो येथे मासातोशी ताकेइची यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, यातील एक पकड कॅल्शियमवर अवलंबून असते. अशा प्रथिनांना १९८४ मध्ये ‘कॅडहेरिन’ हे नाव मिळाले. अस्तराच्या पेशींत असते ते ई-कॅडहेरिन. एका पेशीवरील रेणू शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूला धरतो आणि पेशी आपली जागा सोडत नाही.

कर्करोगात ही पकड सैल होऊ लागते. निदानाच्या वेळी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत रोग स्नायूपर्यंत पोहोचलेला नसतो. तेव्हा दुर्बिणीच्या साहाय्याने गाठ काढता येते. रोग स्नायूत शिरल्यावर मात्र अनेकदा मूत्राशयच काढावे लागते. ज्या गाठींत ई-कॅडहेरिन कमी झालेले असते, त्या अधिक आक्रमक असण्याचा संभव असतो, असे १९९०च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसून आले.

या प्रथिनाचा बाहेरील भाग तुटून रक्तात व लघवीतही उतरतो. म्हणून त्याचा ‘ट्यूमर मार्कर’, म्हणजे रोगाची खूण, म्हणून उपयोग होईल का, याचा शोध सुरू झाला. त्यामागे मोठी गरज आहे. हा कर्करोग वारंवार उलटतो आणि रुग्णाला वर्षानुवर्षे दुर्बिणीच्या तपासणीला सामोरे जावे लागते. तो त्रास लघवीच्या साध्या चाचणीने कमी व्हावा, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु संसर्ग किंवा दाह असतानाही हे तुकडे वाढू शकतात. बाजारातील कुजबुज ऐकून व्यापाऱ्याने सावध जरूर व्हावे; पण कोणाची पत ठरवायची ती वह्या तपासूनच. त्याचप्रमाणे, अंतिम निर्णय दुर्बिणीची तपासणी आणि काढलेल्या तुकड्याचे परीक्षण यांवरच होतो.

या रोगाच्या कारणांत धूम्रपान अग्रस्थानी आहे. जवळजवळ निम्म्या रुग्णांत त्याचा वाटा मानला जातो. रंगाच्या कारखान्यांचाही संबंध जुना आहे. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन रंग बनविणाऱ्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याची नोंद केली होती.

हा रोग पुरुषांत अधिक आढळतो. तथापि स्त्रियांच्या बाबतीत रक्त दिसले की ते संसर्गाचे किंवा पाळीचे समजले जाते आणि निदान लांबते. म्हणून घरातील कोणालाही, एकदाच का होईना, लघवीतून रक्त गेले, तर ते थांबले यात समाधान मानू नये. हंगाम संपण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. हिशेबातील छोटी तफावत वेळीच शोधणाऱ्या घराला ही दक्षता अवघड नाही.