तीन कळांचा खेळ

दोन ओळींची अदलाबदल करायला आपण किती कळा दाबतो? परवा प्रयोगशाळेत एका मित्राला वीसेक लागल्या. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘विम’ या मजकूर-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये तीनच पुरतात: डी, डी, पी. वरची ओळ उचलली, खालचीच्या खाली ठेवली. असली कोडी कमीत कमी कळांत सोडवायची, हा विमगोल्फचा खेळ.

दोन कळांसाठी तासभर घालवणे हा वेडेपणा, असे आमचे एक सर म्हणतात. हिशेब बरोबर आहे. पण हट्टाने आखूड केलेला प्रोग्रॅम दुसऱ्याला वाचवत नाही. इथे कळा विरून जातात आणि मागे स्वच्छ मजकूर तेवढा उरतो. शिवाय एका यादीत चाळीस ओळींत तीच चूक आहे, हे मला कोडे सोडवतानाच दिसले. एरवी मी ती चाळीस वेळा दुरुस्त केली असती.