मोजणारे यंत्र आणि ठरविणारे यंत्र

स्वराचे नेमके स्थान कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न संगीतशास्त्राइतकाच जुना आहे. पूर्वी त्याचे उत्तर ग्रंथकार देत, गुरू देत, आणि अंतिमतः जाणत्या श्रोत्याचा कान देई. आता या मंडळीत एका नव्या अधिकाऱ्याची भर पडली आहे. विद्यार्थी खिशातील दूरध्वनीसमोर षड्ज लावतो. पडद्यावर हिरवा दिवा लागला तर स्वर खरा, तांबडा लागला तर खोटा. हा निवाडा क्षणार्धात मिळतो आणि त्यावर अपील नसते. ध्वनिविषयक शोधांनी संगीताचे अपार हित केले आहे यात शंका नाही. परंतु मोजणारे यंत्र आणि ठरविणारे यंत्र यांत जो भेद आहे तो विसरला गेला, तर हेच शोध संगीताच्या मुळावर येतील.

हा भेद लखनौला तरी अपरिचित असू नये. तेथील मॅरिस कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले ते पंडित विष्णु नारायण भातखंडे या मुंबईच्या मराठी वकिलाच्या प्रेरणेने. आणि १९२८ पासून त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून त्याची धुरा वाहिली. भातखंड्यांसमोर यंत्राचा प्रश्न त्याआधी दहा वर्षे, १९१६ च्या बडोदे येथील अखिल भारतीय संगीत परिषदेत येऊन ठेपला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची गणिते मांडणारे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध केले होते. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी त्यांचा पक्ष उचलून धरला, आणि त्या गणितानुसार श्रुतींची पेटीही तयार झाली. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या असामान्य गवयाचे साहाय्य या उद्योगाला लाभले होते. तरीही भातखंड्यांना ती मांडणी पटली नाही.

त्यांचा विरोध मोजमापाला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. अहोबलाच्या ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात तारेच्या लांबीवरून स्वरस्थाने सांगितली आहेत, आणि भातखंडे-परंपरेत त्यांचेच विवेचन छत्तीस इंचांची तार धरून शिकविले जाते. तारेची पूर्ण लांबी हा षड्ज, सत्तावीस इंचांवर मध्यम, चोवीस इंचांवर पंचम आणि अठरा इंचांवर तारषड्ज. गणित त्यांना वर्ज्य नव्हते. वर्ज्य होती ती गणिताची हुकमत. त्यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाला ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ असे नाव दिले, यातच त्यांची भूमिका सामावलेली आहे. प्रत्यक्ष गायिले जाते ते लक्ष्य. शास्त्र सांगते ते लक्षण. लक्षणाने लक्ष्याच्या मागून चालावे, पुढून नव्हे.

१९१६ नंतर यंत्रांनी दोन्ही मार्ग चोखाळले. श्रवणाच्या मार्गाने गेलेल्या यंत्रांनी दिलेले ज्ञान थोडे नाही. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तंबोऱ्याच्या जवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार जेथे छेडली तेथे ज्यांचा निस्पंदबिंदू पडतो असे स्वरांश एरवी उमटू नयेत. पण घोडीच्या वक्र पृष्ठामुळे तंबोऱ्यात तेही ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले. शतकानुशतके कारागीर सुताच्या एका धाग्याने जे साधीत आला, त्याचे कारण विज्ञानाला कळले. पुढे १९६३ मध्ये जयराझभॉय आणि स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी गायक-वादकांचे स्वर यंत्राने मोजून पाहिले. एकाच रागातील एकच स्वर निरनिराळ्या कलावंतांकडे निरनिराळ्या ठिकाणी आढळला. श्रुतींच्या ठरीव कोष्टकाला प्रत्यक्ष गायनवादनाचा आधार नाही, हे येथे यंत्रानेच सांगितले. आणि ते सांगू शकले, कारण ते आधी ऐकत होते.

दुसरा मार्ग हुकमाचा. आकाशवाणीने १९४० मध्ये बाजाच्या पेटीला बंदी केली, ती १९७१ पर्यंत टिकली. लखनौ केंद्र १९३८ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले होते. म्हणजे त्याच्या आरंभीच्या तीन दशकांहून अधिक काळावर या निर्णयाची छाया होती. पेटीचे स्वर स्थिर, तिला मींड नाही, हा आक्षेप खोटा नव्हता. मात्र पेटी कितीही स्थिर असली तरी ती गायकाच्या शेजारी वाजे. गळ्यातील स्वराला ती हात लावू शकत नव्हती. गायक तिला सोडून आपल्या ठिकाणी जाई, आणि श्रोत्याला दोन्ही ऐकू येत.

हे स्वातंत्र्य १९९७ मध्ये संपुष्टात आले. भूगर्भातील तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचे विश्लेषण करणारे अँडी हिल्डब्रँड यांनी त्याच गणिताचा उपयोग करून ‘ऑटो-ट्यून’ ही संगणकप्रणाली आणली. ध्वनिलहर आपल्याच पूर्वीच्या भागाशी ताडून पाहावयाची, किती काळाने तिची पुनरावृत्ती होते ते शोधावयाचे, त्यावरून स्वराची उंची काढावयाची, आणि ती जवळच्या ‘मान्य’ स्वरावर सरकवावयाची, अशी तिची रीत आहे. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या गाण्याने ती जगभर पोचली. शोध म्हणून ही बुद्धिमत्ता वाखाणण्याजोगीच आहे. प्रश्न एवढाच, की मान्य स्वर कोणते?

प्रणालीत मुळात बसविलेले उत्तर पाश्चात्त्य समविभाजित सप्तकाचे आहे. सप्तकाचे १२०० सेंट, बारा स्वर, प्रत्येकात १०० सेंटचे अंतर. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर आहे. यंत्र त्याला ४०० वर नेते. तंबोऱ्याशी एकरूप झालेला गांधार चौदा सेंटांनी ‘दुरुस्त’ होतो आणि बेसूर होतो. दरबारीतील आंदोलित गांधाराची किंवा भैरवातील ऋषभाची गोष्ट तर याहून कठीण. तेथे स्वर हा बिंदू नसून प्रवास आहे, आणि त्या प्रवासातच राग राहतो. त्या डोलाला यंत्र दोष समजते.

यावर असे उत्तर मिळते, की प्रणालीत हवे ते सप्तक घालता येते; बाराऐवजी बावीस स्थाने द्यावीत. पण म्हणजे देवलांची पेटीच पुन्हा मांडावयाची. घरे बारा असोत वा बावीस, मींड घरांमधून जात नाही, ती घरे ओलांडीत जाते.

एक गोष्ट मात्र मान्य केलीच पाहिजे. ज्याला गुरू नाही, तंबोरा लावणारे कोणी नाही, अशा विद्यार्थ्याला यंत्राचा मोठा आधार आहे. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी सिद्ध केली, आणि पुढे तंबोराही. एकटे राहून रियाझ करणाऱ्यांवर हा उपकारच झाला. पण तो तंबोरा केवळ आधारस्वर देतो. गायक कोठे गेला याचा निवाडा देत नाही. तो अधिकार कानाकडेच राहतो आणि कान तयार होतो. हिरव्या दिव्याकडे पाहून गाणाऱ्याचे डोळे तयार होतात.

भातखंड्यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आज लखनौत आहे. उपकरणे आणि प्रणाली तयार करणारा अभियंता सप्तक निवडतो, तेव्हा तो संगीताचाच निर्णय घेत असतो. त्याला योग्य सामग्री पुरविणे हे संगीतसंस्थांचे काम आहे. नामवंत अध्यापकांचे गायन कोणतीही दुरुस्ती न करता, तंबोऱ्यासह, रागवार मुद्रित व्हावे. त्यातील स्वरांच्या वक्ररेषा काढून त्या सर्वांना खुल्या कराव्यात. विद्यार्थ्याच्या पडद्यावर दिव्याऐवजी त्याची स्वतःची रेषा आणि शेजारी तीन-चार गवयांच्या रेषा दिसाव्यात, म्हणजे अंतर तो स्वतः ऐकेल. आणि परीक्षेत गुण देण्याचा अधिकार यंत्राकडे कदापि जाऊ नये.

भातखंड्यांनी घराणोघरी जाऊन बंदिशी गोळा केल्या, त्या शास्त्राला लक्ष्याचा आधार मिळावा म्हणून. आजच्या यंत्रांना तशाच आधाराची गरज आहे. तो त्यांना दिला गेला नाही, तर पुढच्या पिढीचा गांधार कोठे असावा हे ज्यांनी कधी तंबोरा ऐकला नाही ते ठरवतील; आणि त्या पिढीला तो तसाच खरा वाटेल.