सरकारी वकिलाच्या कचेरीत शिकायचं काय?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कायदा शिकणाऱ्या मुली आपल्या केंद्रांवर विचारायला येतात, ‘ताई, इंटर्नशिप कुठे करू?’ बहुतेकींच्या मनात फोर्टातलं किंवा बांद्रा-कुर्ला संकुलातलं एखादं मोठं ऑफिस असतं. तिथे पुढे नोकरीची आशा असते, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तरी माझा आग्रह आहे की त्यांनी चार आठवडे अंधेरी, बोरिवली, मुलुंड नाहीतर विक्रोळीच्या कोर्टात सरकारी वकिलाबरोबर काढावेत. आणि आपल्या संघटनांनी त्या तिथे काय करणार, हे आधी ठरवावं.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे असं काम करावंच लागतं. त्यात एकदा तरी प्रत्यक्ष खटले चालवणाऱ्या वकिलाबरोबर. तेव्हा कुठे ना कुठे मुली जाणारच आहेत.

आज त्या तिथे काय शिकतात? फाइली लावणं, तारखा उतरवून घेणं, निकालपत्रं शोधून देणं. हेही शिकायला हवं. पण बाहेर पॅसेजमधल्या बाकावर फिर्यादी बाई बसलेली असते, मांडीवर मूल, हातात समन्स. तिचा जबाब दोन-तीन वर्षांपूर्वीचा, हवालदाराने आपल्या भाषेत लिहिलेला. तपासात घेतलेल्या अशा जबाबावर तिची सही नसते. कायद्यानेच घ्यायची नसते. सरकारी वकील तिला पहिल्यांदा भेटतो तो पुष्कळदा पुकारा व्हायच्या आधी पाच मिनिटं, उभ्याउभ्या. मग उलटतपासणीत तारखांचा घोळ होतो, बाई गडबडते, रडते, आणि कचेरीत शेरा पडतो, ‘बाई टिकली नाही.’ विद्यार्थिनी हा शेरासुद्धा शिकते. आपल्याला काळजी वाटायला हवी ती याची.

आपल्या वस्तीतल्या बायका ‘माझा सरकारी वकील’ म्हणतात. तो त्यांचा नसतो, सरकारचा असतो. हे योग्यच आहे असं मी म्हणेन. खटला समाजाच्या वतीने चालायचा आणि आरोपीलाही न्याय मिळायचा, तर सरकारी वकिलाने कोणा एकाचं वकीलपत्र घेऊन चालणार नाही. आरोपी म्हणून उभी राहणारी गरीब पोरंही आपल्याच वस्त्यांतली असतात. पण मग बाईचं कोण?

कायद्याने थोडी वाट केली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतली २००८ ची दुरुस्ती २००९ अखेरीस लागू झाली, तेव्हापासून पीडित व्यक्तीला सरकारी वकिलाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील देता येतो. कोर्टाची परवानगी मात्र लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम आहे. शिवाय दोषारोपपत्राची प्रत आरोपीबरोबर पीडितेलाही फुकट द्यायची, असं नवीन कलम आलं आहे. मेख अशी की तिचा वकील असेल तरच! जिच्याकडे वकील नाही तिलाच कागदाची जास्त गरज, हे कायदा करणाऱ्यांना सुचलं नसेल काय?

इथे विद्यार्थिनीचा उपयोग आहे. तिला सनद नाही, ती कोर्टात बोलू शकत नाही. साक्ष पढवणं तर कोणीच करायचं नाही. त्याने खटला बुडतो. जबाब वाचून दाखवायचा की नाही, तेही सरकारी वकिलांनी ठरवावं. पण साक्षीच्या आधी तासभर बाईजवळ बसून ती सांगू शकते की पिंजरा कुठे, न्यायाधीश कुठे. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. बलात्काराच्या खटल्यात संमतीचा मुद्दा असला तरी पूर्वीच्या संबंधांविषयी विचारायला कायद्याने मनाई आहे, हेही सांगावं. आणि आत जाऊन सरकारी वकिलांना सांगावं की बाई सकाळपासून आली आहे, आज साक्ष झाली नाही तर तिचा दुसरा खाडा होईल.

कायद्याचे वर्ग आणि आपली चळवळ यांचं नातं जुनं आहे. मथुरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं, तेव्हा १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिणारे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे कायदा शिकवणारेच होते. त्यातून मुंबईत १९८० मध्ये बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, १९८३ मध्ये कायदा बदलला. ४९८अ हे कलमही त्याच वर्षीचं; नव्या न्याय संहितेत ते ८५ झालं.

एक पथ्य कडक पाळायला हवं. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं गुन्हा आहे. कॉलेजात द्यायच्या अहवालात तिचं नाव, गल्ली, गाव काहीही नको. आपल्या बैठकीतही नको.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांना पत्रं फेब्रुवारीतच गेली पाहिजेत, सरकारी वकिलांच्या कचेरीची लेखी परवानगी एप्रिलपूर्वी हवी. मुलींना बोरिवली-मुलुंडचा पास काढायला पैसे कुठून द्यायचे, हे पुढच्या बैठकीत ठरवू या.